मातृभाषेचा रकाना

२०११ च्या जनगणनेत माझी भाची चार वर्षांची होती. तिची मातृभाषा कोणती, हे तिच्या आजोबांनी सांगितलं आणि प्रगणकाने लिहून घेतलं. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची, ती लांबत लांबत २०२७ वर आली. म्हणजे आज विशीत असलेल्या मुलामुलींना आपली मातृभाषा आपल्या तोंडाने सांगायची ही पहिलीच वेळ. या मासिकाच्या कितीतरी वाचकांचं हेच असणार.

ही भाची म्हणजे माझ्या थोरल्या मामेबहिणीची मुलगी. बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते. गेले काही महिने ती आणि तिच्या वर्गातले तिघे-चौघे शनिवार-रविवार गाठून दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, मांजलपूर या भागांतल्या मराठी घरांचे जिने चढतात. दार उघडल्यावर लोकांना आधी वाटतं, गणपतीची वर्गणी. ती वर्गणी मागत नाही. ती म्हणते, "जनगणनेत मातृभाषेचा प्रश्न येईल. तो घरातल्या प्रत्येकाला वेगळा विचारायचा असतो. उत्तर तुम्ही स्वतः द्या, कुणाला अंदाजाने लिहू देऊ नका."

एवढंच. त्यासाठी रविवारची झोप मोडायची?

मीही तिला हेच विचारलं. मी दिवसभर दुसऱ्यांनी भरलेल्या फॉर्मांचा डेटा साफ करणारा माणूस. रकान्यात काय भरलं जातं आणि पुढे त्याचं काय होतं, हा माझा रोजचा विषय. तरी जनगणनेच्या भाषेच्या तक्त्यांकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. तिने दाखवले तेव्हा पाहिले.

२०११ साली देशभरातल्या लोकांनी मातृभाषा म्हणून जी नावं सांगितली, ती जशीच्या तशी मोजली तर १९,५६९ भरली. एकाच भाषेची वेगवेगळी नावं, वेगवेगळी स्पेलिंगं, गावाच्या नाहीतर जातीच्या नावावरून सांगितलेल्या भाषा, सगळं त्यात. तपासून, एकत्र करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या आणि त्यांचे गट पाडून शेवटी १२१ भाषा उरल्या. त्यांतली एक मराठी. मातृभाषा मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख, देशाच्या लोकसंख्येच्या ६.८६ टक्के. २००१ मध्ये मराठी चौथ्या क्रमांकावर होती, २०११ मध्ये तेलुगूच्या पुढे जाऊन तिसरी झाली. हे सगळं एका रकान्यातून आलं. आणि तो रकाना भरताना बऱ्याच घरांत दारात उभं होतं फक्त एक माणूस, ज्याने सहा जणांचं उत्तर एका दमात देऊन टाकलं.

भाचीला घरोघरी हेच ऐकू येतं. एक निवृत्त काका म्हणाले, "मागच्या वेळी त्या बाईंनी आडनाव ऐकलं आणि आपणच लिहिलं. मी बघितलंही नाही काय लिहिलं." दुसऱ्या घरात काकू म्हणाल्या, "मी हिंदीच सांगितलं होतं. सगळ्यांना कळतं ना ते." तिसऱ्या घरात एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, "आमचं मराठी म्हणजे मराठी थोडंच आहे? आमच्याकडे भाजी चिरत नाहीत, समारतात. खिडकीला बारी म्हणतात. पुण्याची आत्या हसते."

या मुलाचं उत्तर तिला सगळ्यांत जास्त लागलं. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाची मराठी गुजराती शब्द घेणारच. तीनशे वर्षं शेजारी राहून शब्दांची देवाणघेवाण झाली नसती तरच नवल. रकान्यात शुद्ध मराठी की अशुद्ध, असा प्रश्नच नाही. मातृभाषेची जनगणनेतली व्याख्या अगदी साधी आहे: लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली, ती. आई लहानपणीच गेली असेल, तर त्या घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. आईने "भाजी समार" असं सांगितलं असेल, तरी ती मराठीतच सांगत होती.

आता कुणी म्हणेल, बडोद्यासारख्या शहरात मराठी माणसाला आकड्याची गरज काय? गायकवाडांचं राज्य होतं. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन साहित्य संमेलनं या शहरात झाली, २०१८ मध्ये पुन्हा एक झालं. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला, त्यात गुजरातीच्या जोडीला मराठी होती. हे सगळं खरं. पण राजघराण्याची भाषा असल्यामुळे जे आपोआप मिळत होतं, ते १९४९ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर आपोआप मिळेनासं झालं आणि १ मे १९६० ला गुजरात राज्य झाल्यावर आपण भाषिक अल्पसंख्याक झालो. अल्पसंख्याकाला दोनच गोष्टी उपयोगी पडतात, चांगले शेजारी आणि बरोबर आकडा. शेजाऱ्यांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत.

राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं राज्यांना सांगितलं आहे. पण मुलं किती, कुठल्या वॉर्डात, हे कुणी विचारलं तर दाखवायला कागद लागतो. आकडा आला की दुसऱ्या दिवशी शाळा उघडते असं मुळीच नाही, भाची तसं कुणाला सांगतही नाही. मात्र आकडा नसला तर बोलणंच सुरू होत नाही.

इथवर आमच्या मंडळातल्या सगळ्यांचं एकमत होतं. पोरं चांगलं काम करताहेत म्हणून मंडळाने पत्रकं छापून द्यायचंही कबूल केलं. आणि मग पत्रकावर काय छापायचं, यावरून वाजलं.

कार्यकारिणीतल्या काही काकांना मथळा हवा होता, "मातृभाषा मराठीच लिहा!" भाचीने तो नाकारला. तिचं म्हणणं, ज्याची मातृभाषा मराठी नाही त्याला आपण असं कसं सांगणार? आणि हा प्रश्न हवेतला नव्हता. त्याच आठवड्यात ती अशा दोन घरांत जाऊन आली होती.

पहिलं घर धुळ्याकडून कामासाठी येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबाचं. घरातल्या बाई म्हणाल्या, "आमनी बोली अहिराणी." मग जरा संकोचून त्यांनीच विचारलं, की मराठी लिहायला पाहिजे का? काकांच्या मते अर्थातच मराठी. पण जनगणनेत अहिराणी ही मराठीखाली मोजली जात नाही, ती खानदेशी या वेगळ्या भाषेखाली जाते आणि २०११ मध्ये खानदेशीची संख्या १८ लाख ६० हजारांच्या घरात होती. त्या बाईंची आई त्यांच्याशी अहिराणीत बोलली. आपली संख्या फुगवण्यासाठी त्यांच्या आईची भाषा पुसायची? बडोद्यात आपण मोठ्या भाषेच्या सावलीत राहतो म्हणून तक्रार करायची आणि आपल्या सावलीत कुणी आलं की तेच करायचं, हे तिला पटेना. ती त्या बाईंना म्हणाली, "मावशी, अहिराणीच सांगा. पुढे आणखी कुठल्या भाषा येतात हे विचारतील, तिथे मराठी सांगा."

दुसरं घर आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीचं. मुलगा मराठी, सून गुजराती, पाच वर्षांचा नातू इंग्रजी शाळेत. आजी नातवाशी मराठीत बोलते, तो गुजरातीत उत्तर देतो. आजींनी ठासून सांगितलं, "आमच्या घरात सगळ्यांची मातृभाषा मराठी." सून काही बोलली नाही. पण भाची निघताना ती जिन्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "माझं तरी गुजराती लिहिता येईल ना?"

लिहिता येईल का, म्हणजे काय? लिहायलाच हवं. मागच्या जनगणनांत प्रगणकांना दिलेल्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की घरातल्या सगळ्यांची मातृभाषा एकच असेल असं धरून चालू नका, प्रत्येकाला विचारा. आणि आणखी एक सूचना आहे, जी भाचीने कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवली. एखाद्या संघटित चळवळीमुळे लोक मातृभाषा खरी सांगत नाहीत अशी शंका आली, तर प्रगणकाने सांगितलेली भाषा तशीच लिहावी, पण वरिष्ठांना तसं कळवावं. "काका," ती म्हणाली, "आपलं पत्रक म्हणजे तीच संघटित चळवळ ठरेल. ज्यांची मातृभाषा खरंच मराठी आहे, त्यांच्या उत्तरावरही संशय येईल."

एक काका चिडले. "म्हणजे तू मराठी वाढवायला निघालीस की कमी करायला?"

ती म्हणाली, "मी मोजायला निघालेय."

बैठकीत बराच वेळ शांतता होती, असं मला नंतर बहिणीने सांगितलं. शेवटी मंडळाचं नाव न घालता पत्रक काढायचं ठरलं. खर्च पोरांनी आपल्या पॉकेटमनीतून केला. कागद साधा, झेरॉक्सचा, त्यावर चारच ओळी. एक, मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. दोन, घरातल्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं असू शकतं, प्रत्येकाने आपलं द्यावं. तीन, मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा सांगता येतात, तो प्रश्न सोडू नका. चार, काय लिहिलं ते वाचून घ्या. खाली गुजरातीतही त्याच चार ओळी. काकांना त्या गुजराती ओळींचंही नवल वाटलं. पण सुना, जावई आणि शेजारी यांनाही कळायला हवं ना? विशेष म्हणजे चिडलेले तेच काका पुढच्या रविवारी स्कूटर घेऊन हजर झाले. म्हणाले, "मांजलपुरातली घरं मला माहीत आहेत. तुम्ही पत्ते शोधत बसाल."

तिसरी ओळ माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि तीच लोक गाळतात. मागच्या गणनेत मातृभाषेनंतर येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारल्या होत्या. त्या लिहिता-वाचता आल्या पाहिजेत अशी अट नाही, समजून बोलता आल्या की पुरे. २०११ मध्ये जवळजवळ १ कोटी २९ लाख लोकांनी मराठी ही दुसरी भाषा म्हणून सांगितली होती. भाजीवाले, सुना, जावई, मुंबईत वाढून परतलेले, शेजारी, सगळे त्यात आले. ही माणसं आपल्या भाषेत स्वतःहून आलेली आहेत. ती मोजली गेली नाहीत, तर मराठी ही फक्त जन्माने मिळणारी गोष्ट आहे असं चित्र तयार होतं. बडोद्यात तरी ते खोटं आहे.

आकडा खरा असण्याचं महत्त्व गोव्याच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. २००१ मध्ये गोव्यात मातृभाषा मराठी सांगणारे २२ टक्क्यांहून थोडे जास्त होते, २०११ मध्ये ते ११ टक्क्यांच्या जवळ आले. त्या दहा वर्षांत निम्मे लोक काही गाव सोडून गेले नव्हते. घरात एक भाषा बोलणाऱ्या आणि भजनात, वाचनात दुसरी जपणाऱ्या माणसाने रकान्यात कोणती सांगावी, हा प्रश्न तिथे जुना आहे आणि ज्याचं उत्तर त्याने द्यावं. मुद्दा इतकाच, की आकडा माणसांपेक्षा उत्तरांवर हलतो. उत्तर विचार करून दिलेलं असेल, तर त्या आकड्यावर पाय ठेवून उभं राहता येतं. पढवलेलं असेल, तर पुढच्या खेपेला तो पायाखालून सरकतो.

काही घरांत वेगळीच भीती भेटते. "हे कागद मागायला लावतील का? मराठी सांगितलं तर बाहेरचे म्हणतील का?" तिथे भाची १९४८ च्या जनगणना कायद्याबद्दल सांगते. विचारलेल्या प्रश्नाचं आपल्या माहितीप्रमाणे खरं उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि त्याच कायद्याच्या १५ व्या कलमानुसार तुमची वैयक्तिक नोंद कुणाला पाहता येत नाही, पुरावा म्हणून वापरता येत नाही. पोरं स्वतःही कुणाचं नाव किंवा उत्तर टिपून ठेवत नाहीत. मी तिला सुचवलं होतं, छोटं अ‍ॅप बनवून देतो, कुठल्या घरी काय सांगितलं याची नोंद राहील. ती म्हणाली, "नको मामा. आम्ही नोंदवायला लागलो, की लोक आम्हाला बरं वाटेल तेच सांगतील." संख्याशास्त्र शिकणारी मुलगी, तिला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

त्यामुळे तिच्या वहीत फक्त एकाच प्रकारची यादी आहे, मदतीची. भाषेसाठी दार उघडलं, की इतर गोष्टी आपसूक बाहेर येतात. कुणाच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला मोबाइलवरून काढायचा आहे आणि मुलगा कॅनडात आहे. कुणाचा चष्मा मोडलाय आणि दुकान दोन चौक पलीकडे. एका वाड्यात पेटीभर मोडी कागद निघाले आणि आजोबांना फक्त इतकंच हवं होतं, की ते कुणीतरी वाचून सांगावं, रद्दीत जाण्याआधी. मोडी वाचणारी एक काकू मंडळातच सापडल्या, त्यांना इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. या कामाला पत्रक नाही, घोषणा नाही. पण माझा अंदाज असा, की भाषेबद्दल सांगितलेलं लोकांच्या लक्षात राहिलं ते याच कामामुळे. हयातीचा दाखला काढून देणाऱ्या मुलीचं बोलणं माणूस जरा जास्त लक्ष देऊन ऐकतो.

त्या गुजराती सुनेच्या घरी भाची पुन्हा गेली होती. या वेळी तिने आजींना व्याख्या वाचून दाखवली. आजी बराच वेळ गप्प राहिल्या. त्यांना वाईट वाटलं, आणि वाटणारच. आपल्या घरातल्या पोराच्या नावापुढे आपली भाषा येणार नाही, हे सोपं नसतं. मग त्यांनी विचारलं, "दुसऱ्या भाषेत तरी माझी लिहाल ना?" भाची म्हणाली, "आजी, तो बोलला तर नक्की. समजतं एवढ्यावर नाही, बोलता आलं पाहिजे."

आजींनी बोटांवर महिने मोजले. प्रत्यक्ष माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. तेव्हापासून संध्याकाळी नातवाला मराठीत मागितल्याशिवाय लाडू मिळत नाही. सूनही आता त्याच्याशी मधूनमधून मराठीत बोलते, कारण सासूबाईंनी त्या दिवशी भाचीसमोरच तिला म्हटलं, "तुझं गुजरातीच सांग गं. तुझ्या आईचं आहे ते."

तुमच्याकडे प्रगणक येईल तेव्हा कदाचित तुम्ही ऑफिसात असाल, कॉलेजात असाल, किंवा दुसऱ्या शहरात. या वेळी मोबाइलवरून स्वतःच माहिती भरायचीही सोय आहे, म्हणजे घरातला फॉर्म बहुतेक तुमच्याच हातात येईल. तेव्हा ड्रॉपडाउन उघडून सगळ्यांपुढे एकच नाव टाकून पुढे जाऊ नका. जेवायला सगळे एकत्र असाल तेव्हा एकेकाला विचारा. आजोबांना विचारा, वहिनीला विचारा, जो अजून बोलत नाही त्याच्या आईला विचारा. मराठी निघाली तर मराठी लिहा. दुसरी निघाली तर ती लिहा, आणि मराठी कुठल्या रकान्यात बसते ते बघा. कुठेच बसत नसेल, तर फेब्रुवारीला अजून वेळ आहे.